मौन, अबोला आणि मुकेपणा

पदवीच्या शेवटच्या वर्षाला ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ शिकवताना एक वाक्य मी अनेक वर्षे ठरल्यासारखे म्हणत आले : “या पुस्तकावर टीका झाली आणि म्हणून ताराबाई कायमच्या गप्प झाल्या.” वाक्य परिणामकारक आहे. वर्ग क्षणभर स्तब्ध होतो, मुले वहीत काहीतरी लिहून घेतात, आणि तास संपायला दोनचार मिनिटे उरली असतील तर ती त्या स्तब्धतेत बऱ्यापैकी निघून जातात. काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्षभरात ती वर्गात कधी बोलली नव्हती. तिने विचारले, “मॅडम, टीकेमुळेच गप्प झाल्या हे कशावरून? सांगायचे होते ते सांगून झाले असेल, असे नाही का होऊ शकत?”

त्या दिवशी मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र पुस्तके काढून बसले. पुस्तकावर टीका झाली याला आधार सापडत होता. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही, हेही खरे होते. पण या दोन गोष्टींना जोडणारा ‘म्हणून’ हा शब्द कुठल्याही कागदावर नव्हता. तो माझा होता. एका बाईच्या सुमारे अठ्ठावीस वर्षांच्या मौनात मी माझा एक शब्द घुसवला होता, आणि दरवर्षी साठसत्तर मुलांना तो तिचा म्हणून लिहून देत होते.

हा लेख त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे. तो ताराबाईंपुरता राहिला नाही, कारण एकदा शंका आली की एकोणिसाव्या शतकापासूनचे मराठी स्त्रियांचे सारे लेखन वेगळे दिसू लागते. त्यात जेवढे बोललेले आहे, तेवढेच न बोललेलेही आहे. आणि न बोललेले सगळे एका जातीचे नाही.

आपली भाषा याबाबत आपल्यापेक्षा अधिक काटेकोर आहे. मौन ‘पाळतात’, त्यात व्रताचा, स्वतःहून घातलेल्या मर्यादेचा भाव आहे. अबोला ‘धरतात’, तो नेहमी कुणाशी तरी असतो, त्याला समोर एक माणूस लागतो, आणि तो कधीतरी सुटावा अशी अपेक्षाही त्यात असते. शांतता ‘राखतात’, बहुधा दुसऱ्याच्या सांगण्यावरून. गप्प ‘बसतात’, आणि ‘बसवतात’ही. मुकेपणा मात्र पाळायचा, धरायचा किंवा राखायचा नसतो, तो वाट्याला येतो. बाहेरून पाहणाऱ्याला या पाचही अवस्थांत एकच गोष्ट दिसते : माणूस बोलत नाही. इतिहासकाराचे आणि गोष्ट सांगणाऱ्याचे काम यापुढे सुरू होते. आपण अनेकदा ते न करताच ‘मौन म्हणजे संमती’ म्हणून मोकळे होतो, किंवा माझ्यासारखे ‘मौन म्हणजे पराभव’ असे लिहून देतो.

यातील पहिले मौन १८५५ सालातले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात चालवलेल्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. वय चौदा वर्षे. तिने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या अमेरिकन मिशनच्या नियतकालिकात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला. त्यात पेशवाईतल्या छळाचे वर्णन आहे, इमारतींच्या पायांत माणसे पुरली जात त्याचा उल्लेख आहे, आणि डोक्यावर धड छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांच्या हालांचा एक उतारा आहे, जो आजही वर्गात मोठ्याने वाचताना आवाज सांभाळावा लागतो. वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला नसेल तर मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न ती देवालाच विचारते. त्या काळात असा प्रश्न छापील अक्षरांत विचारणारी चौदा वर्षांची मुलगी ही साधी घटना नव्हे.

आणि त्यानंतर काही नाही. मुक्ताचा दुसरा निबंध नाही, पत्र नाही. तिच्या पुढच्या आयुष्याविषयी जे सांगितले जाते, त्यात आख्यायिकाच अधिक. एका मुलीच्या आयुष्यातले दोन अंक आपल्या हाती आहेत आणि त्यांच्या अलीकडे-पलीकडे कोरा कागद आहे. पण हा कोरेपणा मुक्ताचा नाही. ती पुढे बोलली नसेल, असे मानायला काहीच कारण नाही. जी मुलगी चौदाव्या वर्षी असे बोलते, ती घरात, वस्तीत, पाणवठ्यावर नक्कीच बोलली असणार. तिचे बोलणे टिपून ठेवण्याची यंत्रणा मात्र तेवढ्या दोन अंकांपुरतीच तिच्याजवळ आली आणि निघून गेली. ज्याला आपण मुक्ताचे मौन म्हणतो ते खरे पाहता आपल्या दप्तरांचे बहिरेपण आहे. मौन आणि मुकेपणा यांत पहिला फरक करायचा तो इथे : बोलणारा गप्प होता, की ऐकणारा जागेवर नव्हता?

आता ताराबाईंकडे येऊ. त्यांच्या पुस्तकाची सुरुवातच दुसऱ्या एका बाईच्या मौनापासून होते. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला झाला. तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी करून काळ्या पाण्याची झाली. देशभरातल्या वृत्तपत्रांत या खटल्याची चर्चा झाली. विधवाविवाह असावा की नसावा, शिक्षणाने बायका बिघडतात की सुधारतात, सरकारने धर्मात हात घालावा की घालू नये, असे सर्व प्रश्न विजयालक्ष्मीच्या निमित्ताने पुरुषांनी पुरुषांना विचारले. त्या चर्चेत ती विषय होती, वक्ता नव्हती. आणि तिच्याहूनही मोठे मौन आणखी एकाचे होते. ते मूल एकट्या बाईचे असू शकत नव्हते. तरीही त्या आरोपीच्या पिंजऱ्यात दुसरे माणूस उभे नव्हते.

पुण्याच्या ‘पुणे वैभव’ पत्रातल्या स्त्रीनिंदक मजकुराने चिडून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लेखणी उचलली. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक समाजाशी संबंधित. मुलीला घरीच लिहायला-वाचायला शिकवलेले. १८८२ साली पुण्याच्या शिवाजी छापखान्यात हे छोटेसे पुस्तक छापले गेले, किंमत नऊ आणे. जे जे दुर्गुण बायकांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत नाहीत काय, हा त्याचा एकच प्रश्न. भाषा बोलीची, धारदार, कुठे शिवीच्या काठापर्यंत जाणारी. आपण मराठ्यांच्या घरात कोंडलेल्या आहोत आणि हा आपला पहिलाच प्रयत्न आहे, हेही त्या सांगून टाकतात. जी जागा त्या खटल्यात रिकामी होती, तिच्याकडे बोट दाखवून ‘इथे कोण उभे राहायला हवे होते?’ असे विचारणारे हे पुस्तक आहे.

पुस्तकाची टर उडवली गेली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली आणि टीकाकारांना सुनावले. त्यानंतर पुस्तक विस्मृतीत गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. मधली त्र्याण्णव वर्षे कोण गप्प होते? ताराबाई त्यांतली सुमारे अठ्ठावीस वर्षे हयात होत्या. बाकीची पासष्ट वर्षे मराठी साहित्याचा इतिहास गप्प होता. मी वर्गात ताराबाईंच्या मौनाबद्दल हळहळत असे. साहित्येतिहासाच्या मौनाबद्दल एक शब्द बोलत नसे, कारण त्या मौनात माझ्या गुरूंचे गुरू सामील होते. ‘म्हणून गप्प झाल्या’ या वाक्याची सोय इथे लक्षात आली. ते वाक्य सारा प्रश्न लिहिणाऱ्या बाईकडे ढकलते आणि वाचणाऱ्यांना सोडून देते.

मौनाविषयी एवढेच म्हणून थांबले असते तर हा लेख सोपा झाला असता. बोलणे म्हणजे मुक्ती आणि गप्प राहणे म्हणजे गुलामी, असे एक साधे समीकरण मांडता आले असते. पण याच काळातली आणखी एक गोष्ट ते समीकरण टिकू देत नाही.

१८६३ साली पुण्यात काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेच्या हातून अर्भकाची हत्या झाली. फुल्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी ती स्वयंपाकाचे काम करीत असे. तिला जन्मठेप होऊन अंदमानला पाठवण्यात आले. इथेही पिंजऱ्यात ती एकटीच होती. या घटनेने फुले पतिपत्नी हादरली आणि त्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्याची जाहिरात शहरात लावली गेली. विधवांनी इथे यावे, गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, हे तुमच्या खुशीवर आहे, असा तिचा आशय. पुढे १८८४ मध्ये मलबारींच्या टिपणांवर मत देताना फुल्यांनी नोंदवले की तोवर पस्तीस गरोदर विधवा तिथे येऊन गेल्या होत्या.

पस्तीस हा आकडा आपल्याजवळ आहे. नावे नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकाला ती हवीहवीशी वाटणार, हे उघड आहे. कोण होत्या या बायका, कुठल्या गावच्या, परत गेल्यावर त्यांचे काय झाले? पण ती नावे नसणे ही त्या घराची उणीव नव्हती. त्या घराने दिलेले ते वचनच होते. मुक्ताच्या बाबतीत ज्या कोऱ्या कागदाची आपल्याला चीड येते, तसाच कोरा कागद इथे पस्तीस जीवांच्या अंगावरचे पांघरूण झालेला आहे. सावित्रीबाई त्या बाळंतिणींची देखभाल करीत. त्यांनी जे पाहिले-ऐकले ते कुठेही लिहून ठेवले नाही. लिहिणारी, कविता छापणारी बाई होती ती. लिहिता येत नव्हते म्हणून गप्प राहिली असे म्हणण्याची सोय नाही. काही मौने राखली जातात म्हणून माणसे जगतात.

म्हणजे मौन कुणाच्या भल्यासाठी आहे, हा दुसरा प्रश्न. सुरतेच्या खटल्यात पुरुषाचे नाव न निघण्याने तो पुरुष वाचला. फुल्यांच्या घरात बाईचे नाव न निघण्याने ती बाई वाचली. दोन्हीकडे गुप्तताच, पण एकीचे टोक सबळाच्या हातात आहे आणि दुसरीचे दुर्बळाच्या.

घरातल्या घरात हेच टोक कसे फिरते, हे पाहायचे असेल तर रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचाव्यात. पुस्तक १९१० सालचे. १८७३ मध्ये अकरा वर्षांची मुलगी न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात आली. पतीने तिला शिकवायला घेतले. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते सहन झाले नाही. मोठ्याने वाचले तर टोमणे, इंग्रजी शिकली तर टोमणे, सभेत चार ओळी वाचून दाखवल्या तर घरात महाभारत. रमाबाई उलट उत्तर देत नाहीत. उलटून बोलू नये, अशीच पतीची शिकवण होती. बाहेरून हा आदर्श सुनेचा मुकेपणा. पण त्या गप्प राहत असताना दुसऱ्या दिवसाचा धडा चालूच असे. भांडणात शक्ती न घालवता शिकत राहणे, ही त्या मौनाची आतली बाजू होती. तिची किंमतही पुस्तकात दिसते. माजघरातली ती एकटी पडलेली मुलगी ओळीओळींतून जाणवत राहते.

अशा पुस्तकाचा शेवट कुठे व्हावा? तो १९०१ साली, रानड्यांच्या मृत्यूशी होतो. पुस्तक लिहिले गेले तेव्हा रमाबाई सार्वजनिक जीवनात पूर्णपणे उभ्या होत्या, १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनाचे काम उभारत होत्या, शेकडो बायकांना शिक्षणाची आणि शुश्रूषेची वाट दाखवणार होत्या. यातले काही पुस्तकात नाही. शीर्षकातल्या ‘आमच्या’ या शब्दात जेवढे मावते तेवढेच त्या सांगतात. ‘माझे’ म्हणून जे होते ते सांगत नाहीत. याला पतिभक्ती म्हणून सोडून देता येईल, आत्मलोप म्हणून टीकाही करता येईल. मी दोन्ही केले आहे. आता मला एवढेच म्हणावेसे वाटते की ती सीमारेषा त्यांनी स्वतः आखली होती, आणि ती कुठे आखली आहे हे त्यांनी लपवले नाही. निवेदक कुठे थांबतो यावरून त्याला काय सांगायचे आहे ते कळते. रमाबाईंचे पुस्तक जिथे संपते तिथे त्यांचे आयुष्य संपलेले नव्हते, हे वाचकाने लक्षात ठेवायचे असते.

या सर्व लिहित्या बायका. न लिहिणाऱ्यांचे काय, असा प्रश्न इथे पडतो, आणि त्याचे उत्तर मराठी मुलखात जात्याजवळ सापडते. दिवसभर सासरी तोंड न उघडणारी सून पहाटे दळायला बसली की ओवी म्हणे. पुढ्यात जाते, समोर फार तर एक जाऊ किंवा नणंद, घर झोपलेले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, त्यांत पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांचा वाटा मोठा. त्या संग्रहाकडे पाहिले की ‘मुकी’ म्हणून ज्यांची नोंद आपण केली, त्या दररोज तास-दोन तास बोलत होत्या हे ध्यानात येते. माहेरचा रस्ता, भाऊ, सासू, नवऱ्याचा मार, सीतेचा वनवास, सर्व काही. फक्त ते बोलणे ज्या वेळी आणि ज्या जागी होत असे, तिथे आपल्यासारखे कागद-पेन घेतलेले कुणी नसे. पुढे गावात पिठाची गिरणी आली. बाईच्या खांद्यावरचे ओझे उतरले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण जात्याबरोबर ती पहाटही गेली. कष्ट कमी होताना आवाजाची जागाही जाऊ शकते, हा इतिहासातला एक कडू हिशेब आहे, आणि त्यात कुणालाही खलनायक ठरवता येत नाही.

लिहिणे आणि लपवणे या दोन्ही गोष्टी एकाच बाईने केल्याचे उदाहरण बेबीताई कांबळे यांचे. फलटणच्या. त्यांचे ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने. त्यांचे लिहिणे मात्र त्याच्या खूप आधीचे. किराणा मालाच्या दुकानात बसल्या बसल्या, गिऱ्हाईक नसेल तेव्हा आणि नवरा बाहेर असेल तेव्हा त्या लिहीत आणि कागद फळीच्या सांदीकोपऱ्यात, कुणाचा हात जाणार नाही अशा ठिकाणी ठेवून देत. असे वीस वर्षे. फलटणला अभ्यासासाठी आलेल्या मॅक्सिन बर्नसन यांना ते कळले आणि कागद उजेडात आले.

‘जिणं आमुचं’ हे महार समाजाच्या जगण्याचे पुस्तक आहे : महारवाड्यातली उपासमार, पोतराज, बाळंतपणे, सासुरवास, आणि बाबासाहेबांच्या आवाजाने उभी राहिलेली माणसे. सुनांना होणाऱ्या मारहाणीचे त्यातले वर्णन अंगावर येते. मात्र त्यात बेबीताईंच्या स्वतःच्या संसाराबद्दल जवळजवळ काही नाही. माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाच्या पुस्तकात (२००८) त्यांची एक मुलाखत आहे. तिथे त्यांनी पहिल्यांदा मोकळेपणाने सांगितले की आपल्यालाही नवऱ्याचा मार आणि संशय सोसावा लागला. मग ते पुस्तकात का नाही? कारण पुस्तक समाजाच्या दुःखाचे होते, आणि आपले दुःख त्यापुढे आणायचे नव्हते.

हे मौन मी माझ्या यादीत कुठे ठेवू? ‘गप्प बसवलेली’ असे म्हणावे, तर ज्या समाजातल्या पुरुषांच्या मारहाणीवर त्यांनी एवढे रोखठोक लिहिले, त्याला घाबरून गप्प राहिल्या असे कसे म्हणता येईल? ‘मौन पाळले’ म्हणावे, तर नवरा घरात असताना कागद लपवावे लागत होते हे कसे विसरावे? दोन्ही एकाच बाईत, एकाच पुस्तकात आहे. भीतीने लपवलेले कागद आणि विचाराने वगळलेला मजकूर. आत्मकथन वाचताना सगळे सांगितले आहे का, हे आपण नेहमी तपासतो. काय न सांगण्याचा अधिकार लेखकाने वापरला आहे, हेही तपासायला हवे, आणि तो अधिकार मान्यही करायला हवा.

या सगळ्या धाग्यांची गाठ मला मराठी रंगभूमीवर सापडते. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ च्या डिसेंबरात ‘रंगायन’ने रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे, लीला बेणारे झाल्या सुलभा देशपांडे. एक हौशी नाटकमंडळी वेळ घालवण्यासाठी खोटा खटला मांडते आणि शाळेत शिकवणाऱ्या बेणारेबाईंना आरोपी करते. आरोप भ्रूणहत्येचा. खेळता खेळता खेळ राहत नाही. जिचे हसू सर्वांत मोठे, जिची जीभ सर्वांत चपळ, ती बाई खरे प्रश्न सुरू झाल्यावर बोलायची थांबते. तिच्या प्रत्येक गप्प क्षणाचा अर्थ कोर्ट कबुलीच्या रकान्यात टाकत जाते. ज्या प्राध्यापक दामल्यांमुळे ती या अवस्थेत आहे, ते रंगमंचावर येतच नाहीत. त्यांची जागा रिकामी आहे. १८६३ चे पुणे, १८८१ ची सुरत आणि १९६७ चे हे नाटक : तीन कोर्टे, जवळपास एकच आरोप, आणि तिन्हीकडे तीच एक जागा रिकामी. हे नाटक ज्या वाचकांनी ताराबाईंच्या आधी पाहिले आहे, त्यांनी क्रम उलटा करून ‘तुलना’ पुन्हा वाचावी. तेंडुलकरांच्या रिकाम्या खुर्चीवर ताराबाईंनी पंच्याऐंशी वर्षांपूर्वी बोट ठेवले होते.

नाटकाच्या शेवटाकडे आरोपीला बाजू मांडण्यासाठी वेळ दिला जातो : दहा सेकंद. आणि त्या दहा सेकंदांत बेणारेबाईंचे प्रदीर्घ स्वगत होते. बाकीची पात्रे होती तशी थिजलेली. प्रेक्षक सारे ऐकतो, कोर्ट काहीच ऐकत नाही. स्वगत संपते तेव्हा कोर्टाच्या लेखी आरोपी गप्पच राहिलेली असते, आणि शिक्षा सुनावली जाते. या प्रसंगाची ताकद अभिनयात किंवा भाषेत आहे असे मी पूर्वी शिकवत असे. आता वाटते, ती या योजनेत आहे. ज्याला दप्तर ‘आरोपी काही बोलली नाही’ असे नोंदवील, त्याच्या आत किती असू शकते, ते नाटककाराने काळ ताणून दाखवले. इतिहासकाराला अशी सोय नाही. विजयालक्ष्मीच्या तोंडी स्वगत घालण्याचा परवाना त्याच्याकडे नाही. पण तिथे स्वगत असू शकते, एवढी जाणीव तरी नाटक त्याला देते. कल्पित साहित्याचे इतिहासावर हे ऋण आहे, असे मला वाटते.

आणि नाटकाचे नाव पाहा. ‘शांतता!’ हा तिथे हुकूम आहे. जो शांतता राखायला सांगतो, तो स्वतः सगळा वेळ बोलत असतो.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे. ताराबाई टीकेमुळे गप्प झाल्या की सांगून झाले म्हणून? मला जे सांगता येते ते असे : १८८२ साली एका बाईने एक पुस्तक लिहिले, त्याची टर उडवली गेली, एका थोर माणसाने तिची बाजू घेतली, तिने पुन्हा काही छापले नाही, आणि पुढची त्र्याण्णव वर्षे मराठी वाचकाने तिची विचारपूस केली नाही. यातल्या कुठल्याही दोन वाक्यांत ‘म्हणून’ घालण्याचा अधिकार मला नाही. शेवटच्या वाक्याबद्दल मात्र मला लाज वाटली पाहिजे, आणि वर्गाला ती दिसली पाहिजे. मी आता तसेच शिकवते. वाक्य पूर्वीइतके परिणामकारक राहिलेले नाही. वर्ग पूर्वीसारखा स्तब्ध होत नाही. उलट प्रश्न येतात, आणि तास संपल्याची घंटा मध्येच होते.

एक गोष्ट राहिली. ज्या मुलीने हा प्रश्न विचारला, ती त्यानंतर वर्षअखेरपर्यंत पुन्हा वर्गात बोलली नाही. माझ्या उत्तराने तिचे समाधान झाले होते, की माझ्या सुरातल्या काही गोष्टीने ती दुखावली होती, की तिला तेवढेच विचारायचे होते? पहिल्यांदा वाटले होते, आपणच तिला गप्प केले. मग लक्षात आले, मी पुन्हा तेच करते आहे. तिच्या मौनात माझा ‘म्हणून’ घालते आहे. विचारायला हवे होते. ती पहिल्या मजल्यावरच्या त्याच वर्गात, त्याच बाकावर आणखी चार महिने बसत होती. ताराबाईंना विचारण्याची सोय नव्हती. तिला विचारता आले असते, आणि मी विचारले नाही.